एका दमात किती मेंढ्या

दुष्काळात सगळं आटतं. किस्से तेवढे साचतात. टँकरला रांग, सरकारी सुकडीच्या खाऊला रांग, दवाखान्याच्या ओसरीवर रांग. रांगेत उभ्या माणसाला बोलण्यावाचून दुसरा उद्योग काय? बेंबळीच्या पुढं एका खेड्यात (गावाचं नाव राहू द्या, लोक भांडायला येतील!) बहात्तरच्या दुष्काळात आम्ही एक छोटा दवाखाना चालवत होतो. अजूनही मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "मिल्या, तुझ्या त्या फॅटच्या दवाखान्यातलं सांग की!" एक सांगायला घ्यावा, तर तो संपायच्या आत दुसरा आठवतो. म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावेत.

फॅटचा दवाखाना म्हणजे काय, ते आधी सांगतो. गावात सहकारी दूध सोसायटीची पक्की खोली होती आणि मागं मोठा हॉल. चारा संपला, दूध आटलं, खोली रिकामी पडली. पंचांनी ठराव करून ती दवाखान्याला दिली. पण भिंतीवरची 'येथे दुधाचे फॅट तपासले जाईल' ही अक्षरं कुणी पुसली नाहीत. त्याच अक्षरांखाली मी रक्त तपासायचो.

आम्ही माणसं तीन. डॉक्टर जहागीरदार मुख्य. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. चिडले की मला 'मियाँ' म्हणायचे, खूश झाले तरी 'मियाँ'च! दुसऱ्या रुथ सिस्टर, सोलापूरच्या. त्यांचा आवाज चढला की हॉलमधली रडणारी पोरं गप्प व्हायची आणि गप्प असलेली रडायला लागायची. तिसरा मी. औरंगाबादहून बी.एस्सी. होऊन आलेला, बँकेचा कॉल फाडून टाकलेला. आमच्या घरी छप्पन साली देव्हारा निघाला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. त्यामुळं विज्ञानानं सगळं सुधारतं, आणि ते लगेच सुधारलं पाहिजे, अशी माझी पक्की समजूत. 'हळूहळू होईल' म्हणणारी माणसं मला तेव्हा आवडत नव्हती, आताही आवडत नाहीत.

*

ईएसआर नावाची एक तपासणी असते. रक्त एका उंच, बारीक काचेच्या नळीत भरून तासभर उभं करून ठेवायचं. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. अंगात कुठं सूज असेल, पू धरला असेल, तर त्या भराभर बसतात. किती खाली बसल्या तो आकडा. आकडा मोठा, तितकं आत पेटलेलं जास्त.

एकदा सोसायटीचे चेअरमन आले. दूध नसलं तरी चेअरमन होतेच! त्यांनी नळ्या बघितल्या आणि म्हणाले, "आमचंबी काढा की रक्त." काढलं. तासाभरानं मी त्यांना आकडा सांगितला. अगदी लहान, म्हणजे उत्तम. शेजारच्या नळीत मात्र तांबडं पार तळाकडं गेलेलं.

"हे कुणाचं?"

"भामाचं. ती धनगराची पोर, कोपऱ्यातल्या खाटेवरची."

चेअरमनांचा चेहरा उतरला. "म्हंजी त्या पोरीचा आकडा एवढा मोठा, आन् माझा एवढुसा? मी चेअरमन हाय, लॅबवाले! नीट बघा."

मी समजावलं, यात कमी आकडा चांगला असतो. ते ऐकेनात. सगळी हयात दुधाच्या फॅटचे आकडे बघण्यात गेलेली. आकडा वाढला की माल चांगला, एवढंच त्यांना ठाऊक. वर भिंतीवर अक्षरंही तीच! माझा आवाज चढायला लागला तसे डॉक्टर आतून आले. नळी उजेडाला धरून गंभीरपणे बघितली आणि मला म्हणाले, "मियाँ, लिहून द्या. चेअरमनसाहेब, फॅट उत्तम."

चेअरमन खुशीत निघून गेले.

*

आता भामाबद्दल. नऊ-दहा वर्षांची पोर. उजव्या बरगडीखाली एवढा मोठा फुगवटा, रोज ताप, दोन पावलं चालली की धाप. डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हरमध्ये पाण्याची गाठ आहे. आमच्याकडं लिव्हरला काळीजच म्हणतात. गाठीत पू धरलाय, आणि ती खालून फुप्फुसाला वर ढकलते आहे.

सोलापूरच्या मोठ्या सर्जननी तिला तपासलं आणि परत पाठवलं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "गाठ मी काढीन. पण आज हिला भूल दिली तर ही उठणार नाही. आधी ताप घालवा, ईएसआर खाली आणा, छातीत दम भरा. दोन्ही झालं की घेऊन या. फार उशीर करू नका, गाठ फुटली तर मग माझ्याकडं आणायचं कारण उरणार नाही."

घाई करा, पण थांबा! माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

भामाजवळ तिचा आजा असायचा, बिराप्पा. सगळे त्याला आबा म्हणायचे. डोळ्यांवर चष्मा आणि खिशात पेन म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. इंजेक्शनं सुरू झाली, दर आठवड्याला मी भामाची नळी लावायचो आणि आबा तिच्यासमोर उकिडवा बसायचा. तासभर. हलायचा नाही.

"आबा, असं बघून ते थांबतं का? जा, भाकर खाऊन घ्या."

"बसू द्या, मास्तर. सकाळी उठून हिरीत वाकून बघायची सवय हाय. पानी किती खाली गेलं, ते न बघता भाकर ग्वाड लागत न्हाय."

महिनाभरानं एके दिवशी तासाचा काटा पुरा झाला आणि तांबडं नेहमीसारखं तळाला गेलं नाही. अर्ध्याच्या वरच अडलं. मी आकडा लिहायला पेन काढलं, तोवर आबा हॉलच्या दारात जाऊन ओरडला, "सिस्टरबाई! आज हिरीनं धर धरला!"

डॉक्टरांनी रिपोर्टवर सही करताना विचारलं, "मियाँ, आकडा काय?"

मी काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "धर धरलाय, डॉक्टर."

*

दमाचं काम जास्त अवघड होतं. फुप्फुसं फुलवायला आमच्याकडं यंत्र नव्हतं. डॉक्टरांनी युक्ती केली. दोन बाटल्या, मधे रबरी नळी, एका बाटलीत पाणी. पोरानं फुंकायचं आणि पाणी ह्या बाटलीतून त्या बाटलीत न्यायचं. पोरांना गंमत वाटावी म्हणून मी पाण्यात मिठाईत घालतात तो रंग टाकला. लालचुटूक!

पण दुसऱ्याच दिवशी पाणी कमी. मी भरलं. परत कमी. गळती शोधली, नळी बदलली. पाणी कमीच! दुष्काळात पेलाभर पाण्याचा हिशेब लागत नाही म्हणजे काय?

शेजारच्या खाटेवर पाटलांचा नातू होता, न्यूमोनियाचा. त्याच्याजवळ त्याची आजी. आल्या दिवसापासून ती घरून स्वतःची घागर मागवायची. वॉर्डातल्या माठाला तिनं कधी हात लावला नाही, कारण तो माठ मी भरायचो. हे ती बोलायची नाही. बोलायची गरजही नव्हती. मीही बोललो नव्हतो; पण आतल्या आत माझा ईएसआर वाढत होता.

एका दुपारी ऊन असं की पत्रा तडतडत होता. पाटलांची घागर हल्ली अर्धीच यायची; त्या दिवशी बैलगाडीच आली नाही. रुथ सिस्टर अचानक हॉलमध्ये शिरल्या, तर पाटलीणआजी दोन्ही हातांनी लाल बाटली धरून उभी! ओठ लाल, हनुवटी लाल.

सिस्टर म्हणाल्या, "आजी, ते पाणी मिलिंदनं भरलंय. आणि वॉर्डातल्या झाडून सगळ्या पोरांनी त्यात फुंकलंय."

आजीनं बाटली सावकाश खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं.

"गार हाय रं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घागर यायची बंद झाली. मी दोन बाटल्या जास्त भरून ठेवायला लागलो.

*

औरंगाबादच्या एका मित्रानं मला एक इंग्रजी मासिक पाठवलं. त्यात होतं, अमेरिकेत लहान पोरांची सडलेली लिव्हर काढून तिथं दुसऱ्याची बसवतात. अपघातात गेलेल्या पोराची लिव्हर या पोराला! मी थरारून गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहून ते मराठीत वाचून दाखवलं. शेवटी माझा मजकूरही जोडला: "तिकडं लिव्हर बदलतात आणि आपण इथं बाटल्या फुंकतोय!"

"मियाँ, खाली काय लिहिलंय तेही वाचा," डॉक्टर दारातून म्हणाले.

खाली लिहिलं होतं की बदलण्याआधी ते दोन गोष्टी बारकाईनं बघतात. रक्तावरून अंगात सूज किती आणि फुप्फुसात दम किती. मोठ्या ऑपरेशनमधून पोर उठणार का, ते त्यावरून कळतं.

"म्हणजे तिकडंही आधी हेच. फुंकायला लावा पोरांना," असं म्हणून डॉक्टर गेले.

आबा मात्र विचारात पडला होता. "मास्तर, एक सांगा. हे काळीज माणूस माणसाला देतंय?"

"देतं."

"सख्खा भाऊ हिरीवरची पाळी दिना झालाय, आन् ते काळीज देत्यात?"

सगळे हसले. मीही हसलो. बाप्ये एकेक बोलायला लागले. कुणी म्हणालं, बोकडाचं चालंल का. कुणी म्हणालं, आमच्या सासऱ्याला एखादं बसवा, त्याला मुळातच न्हाय!

हसणं ओसरल्यावर पाटलीणआजीनं विचारलं, "आन् त्या मेलेल्या लेकराची माय?"

"तिचं काय?"

"तिनं व्हय म्हणल्याबिगर तर काढलं नसंल की. काय म्हणली ती?"

मी मासिक दोनदा चाळलं. त्या बाईबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

*

रस्त्यापलीकडं लिंबाखाली एक कुत्रं बसलेलं असायचं. खंड्या. भामाचं. ती दवाखान्यात आली त्या दिवशी मागोमाग आलं आणि तिथंच बसलं. भामा खिडकीतून त्याच्याशी बोलायची.

गाठ नेमकी कुठून येते, ते डॉक्टरांनी आबाला सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. मेंढीच्या काळजात कधी कधी पाण्याचे बुडबुडे असतात. ते काळीज कुत्र्यानं खाल्लं की रोग कुत्र्याच्या पोटात जातो. कुत्र्याच्या विष्ठेतून अंगावर, केसांवर, पाण्यात. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, त्याच हातानं भाकर खातात.

आबानं खिडकीतून लिंबाखाली बघितलं. मग म्हणाला, "बुडबुड्याचं काळीज आमी खात न्हाव, डाक्टरसायेब. कुत्र्याला टाकताव. बापजाद्यापासून."

मी पुढं सरसावलो. असली संधी मी सोडतोय? कुत्री पाळायचीच कशाला, इथपासून सुरुवात केली. आबानं मला मधेच थांबवलं.

"मास्तर, लांडगा आला की खंड्या आडवा होतंय. तुमी व्हताव का?"

मी उतरून खालच्या मुद्द्यावर आलो. "बरं, कुत्री ठेवा. पण ते काळीज खोल खड्ड्यात पुरा."

"ह्या सालात?" आबाचा आवाज एकदम बदलला. "उपाशी जित्राबादेखत खायाची चीज मातीत घालायची? तुमी घालून दावा, मास्तर."

मी नळ्या धुवायला निघून गेलो.

तरी पुढच्या बाजारात आबा आपणहून खाटकांच्या रांगेत गेला. परत आला तर धोतराला माती, नखांत माती. बुडबुड्याची दोन काळजं त्यानं हातभर खड्ड्यात घातली होती, वर दगड लोटला होता आणि कुत्री निघून जाईपर्यंत त्या दगडावर बसून राहिला होता.

"खंड्याबी आला होता का?" मी विचारलं.

"व्हय."

"मग?"

"त्यो माझ्याकडं बघत होता. म्या वर बघत होतो."

*

सर्जननी दम मोजायची एक सोपी रीत सांगून ठेवली होती. पोराला खोल श्वास घ्यायला लावा आणि एका दमात एक, दोन, तीन असं मोठ्यानं म्हणायला लावा. कुठवर जातं ते मला कळवा.

रीत सोपी, पण भामाला आकडे येत नव्हते! मी शिकवायला बसलो. तिचं लक्ष खिडकीबाहेर. सहाच्या पुढं गाडी जाईना, ती दमामुळं की विसरल्यामुळं, ते कळेना. माझा संयम संपला. "अगं, तुमच्यात मेंढरं मोजत नाहीत का?"

"मोजायची कशाला? वळखताव की."

"म्हणजे?"

"नावं हायत समद्यांला. वाड्यात शिरताना एकामागं एक हाक मारायची. जी वो देत न्हाय, ती ऱ्हायली म्हणायची."

रुथ सिस्टर मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग तीच म्हण की, बाई! एका दमात."

भामानं छाती भरली. "काळी, भुरी, बांडी…" आणि धाप लागली. त्या दिवशी दम बांडीपर्यंत.

मग रोजचा कार्यक्रम झाला. सकाळी बाटल्या फुंकायच्या, दुपारी मेंढ्या म्हणायच्या. काळी, भुरी, बांडी, कानी, टिकली, मोरी, खुडी, चंद्री. आख्ख्या वॉर्डाला नावं पाठ झाली. पाटलांचा नातूसुद्धा झोपेत म्हणायचा.

मेंढ्या तिच्या बापाबरोबर वाशीकडच्या डोंगराला गेल्या होत्या, कुठं पाला मिळाला तर मिळाला म्हणून. आबा दर बाजाराला जाऊन तिकडची खबर आणायचा आणि भामाला एकेकीचं सांगायचा. बांडीनं बाभळीच्या शेंगा कशा खाल्ल्या, टिकलीनं कुणाच्या कुंपणात तोंड घातलं, चंद्री कशी रुसली. पोर ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी दम एक मेंढी पुढं जायचा. खरंच! हे मी शास्त्राच्या कुठल्या भाषेत लिहिणार?

सर्जनना पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ईएसआरचा आकडा लिहिला आणि दमासमोर लिहिलं, 'चंद्रीपर्यंत.' उलट टपाली विचारणा आली, 'चंद्री म्हणजे किती?'

मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "कळवा. चंद्री म्हणजे बरीच."

*

शेवटचा किस्सा मात्र हसत सांगता येत नाही मला. तरी सगळ्यात चांगला तोच.

ताप गेला होता. नळीतलं तांबडं आता तासाभरात जेमतेम हलायचं. आणि एका दुपारी भामानं एका दमात सगळा कळप वाड्यात घातला, खांडी नावाच्या शेवटच्या मेंढीपर्यंत! आख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी सोलापूरला फोन लावला. सर्जन म्हणाले, परवा आणा, मी स्वतः बघतो आणि मग ठरवतो.

मधे एक बाजार आला. आबा जाऊन आला. तिसऱ्या दिवशी आम्ही सोसायटीच्या ट्रकमधून निघालो. मी, डॉक्टर, आबा आणि भामा. तुळजापूर मागं पडलं, तामलवाडी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते दगड. भामा गप्प होती. घाबरली असेल, असं मला वाटलं.

सर्जननी फुगवट्यावर हात फिरवला, छातीला नळी लावली, माझे आकडे बघितले. "रक्त छान आलंय. आता तुझ्या त्या मेंढ्या ऐकू दे." आणि घड्याळ काढलं.

भामानं छाती भरली.

"काळी, भुरी, बांडी."

आणि थांबली.

सर्जननी वाट बघितली. घड्याळ बंद केलं. "हे तर पहिल्या दिवशीचंच आहे. परत न्या. महिन्यानं बघू."

"सर, परवा हिनं सगळा कळप म्हटला! मी स्वतः ऐकलंय!"

"परवाचं परवा झालं. भूल उद्या द्यायची आहे. आणि महिन्यात गाठ फुटली, तर जबाबदारी माझी नाही, तेही ऐकून ठेवा."

माझा तोल गेला. "भामे, म्हण की पुढं! कानी, टिकली, मोरी… येतात तुला! थांबलीस कशाला?"

डॉक्टर जहागीरदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मियाँ, बघा तिच्याकडं. ती धापत नाही."

खरंच. पोर शांत उभी होती. नाकपुड्या हलत नव्हत्या.

डॉक्टर तिच्यासमोर वाकले. "बेटा, दम आहे ना?"

"हाय."

"मग?"

भामानं आबाकडं बघितलं. "म्होरच्या न्हाईत."

आबा भिंतीला टेकला होता. त्यानं पटक्याचा सोगा तोंडाशी धरला.

"तुला कोण म्हणलं?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाय. समद्यांचं सांगत होता तुमी. काल बाजारावनं आलाव, तर तिघींचंच सांगितलं."

आबानं सोगा खाली सोडला. मग सर्जनना म्हणाला, "चारा न्हाय, सायेब. ल्योकानं इकल्या. आन् आमच्यात इकलेल्या जित्राबाला मागनं नावानं हाक मारत न्हाईत. नव्या दारी रमत न्हाय ते."

"अहो, पण ही हाक आहे का?" मी ओरडलो. "नुसती नावं आहेत! तिच्या जिवाचा प्रश्न आहे. इथं दवाखान्यात म्हटलेलं त्या मेंढ्यांना ऐकू जातंय थोडंच!"

"त्यांला जातंय," भामा म्हणाली.

सर्जननी घड्याळ खिशात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. "आकडे म्हण, बाळ. एक, दोन…"

"येत न्हाईत."

आबा भिंतीपासून सुटला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भामे, मग व्हनाऱ्यांची घे."

"कुनाची?"

"काळी गाभन हाय न्हवं? भुरीबी व्हईल. त्यांच्या पोरी, पोरींच्या पोरी. नावं तूच ठिवनार हायस. घे."

भामानं खिडकीबाहेर बघितलं. थोडा वेळ तिचे ओठ नुसतेच हलले. मग तिनं छाती भरली, इतकी की बरगड्या दिसल्या.

"ढगी, तळी, गवती, हिरवी, पान्हाळी, ओली, हुरडी, शेवंती, नदी, चिखली, झरी, भाकरी, दुधी, सावळी, पोपटी, मिरगी, पेरी, कणशी, गारी…"

सर्जन आधी घड्याळाकडं बघत होते. मग तिच्याकडं बघायला लागले. नावं चालूच होती. दारात दोन नर्स येऊन थांबल्या. डॉक्टर जहागीरदार पाठमोरे झाले.

"पुरे, पुरे!" सर्जननी हात वर केला. ते खोकले, मग दारातल्या नर्सकडं वळले. "सिस्टर, उद्या सकाळचं पहिलं टेबल. आणि आजोबा, नीट ऐका. आज रात्रीपासून हिच्या पोटात काही जाता कामा नये. अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. उपाशी ठेवायचं. जमेल ना?"

आबा उठला. गुडघे झटकले. कित्येक दिवसांनी त्याचे दात दिसले.

"उपाशी व्हय, सायेब? ते आमाला येतंय!"